पॅकवर चालणारा इलेक्ट्रोलाइट ॲनालायझर : छोट्या रुग्णालयाच्या लॅबला परवडतो का?

टेबलाच्या कोपऱ्यात मावणारं, सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड मिनिटभरात देणारं आणि सगळी द्रावणं एकाच पॅकमध्ये असलेलं यंत्र आता तालुक्याच्या गावातल्या तीस-चाळीस खाटांच्या रुग्णालयातही दिसतं. बऱ्याच कंपन्यांची मॉडेलं मिळतात. बाहेरून वेगळी, आतून जवळपास सारखी. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे. मत आधीच सांगायचं तर, आयसीयू किंवा डायलिसिस असेल आणि रोजचे पंधरा-वीस नमुने असतील तर बिनधास्त घ्यावं. रोजचे चार-पाचच नमुने असतील तर यंत्र उत्तम असूनही व्यवहार आतबट्ट्याचा होतो, आणि त्याचं कारण कोटेशनच्या कागदावर कुठेच सापडत नाही.

कारण असं की हे यंत्र नमुना नसतानाही पॅक संपवतं. चालू ठेवलं की ठराविक वेळाने ते स्वतःचं कॅलिब्रेशन करतं (माहीत असलेल्या द्रावणावर आपले आकडे जुळवून घेतं), नळ्या धुतं, मोजमाप करणारे इलेक्ट्रोड ओले राहावेत म्हणून अधूनमधून द्रावण पुढे सरकवतं. हे त्याने केलंच पाहिजे, नाहीतर आकडे सरकतात. पण हा खर्च रोजचा आणि ठरलेला असतो, मग पेशंट एक असो की पन्नास. समजा पॅकमध्ये ६५० मिली द्रावण आहे, कॅलिब्रेशन आणि धुण्याला रोज १२ मिली लागतं, प्रत्येक नमुन्याला १ मिली, आणि पॅक ८,००० रुपयांचा आहे. रोज ५ पेशंट आणि २ कंट्रोल (यंत्र पडताळायचे, आकडा आधीच माहीत असलेले नमुने) लावले तर दिवसाला १९ मिली जातात. पॅक ३४ दिवस टिकतो, पेशंट होतात साधारण १७०, म्हणजे एका पेशंटमागे ४७ रुपये. तोच पॅक रोज ४० पेशंट आणि २ कंट्रोलवर १२ दिवसांत संपतो, पण पेशंट ४८० होतात आणि खर्च येतो १७ रुपये. यात इलेक्ट्रोड, कंट्रोल, क्लीनर, पंपाची ट्यूब काहीच धरलेलं नाही. विक्रेता 'एका पॅकमध्ये इतक्या टेस्ट' असा आकडा सांगतो, तो एकामागून एक नमुने लावले तर येणारा असतो. त्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: स्टँडबायमध्ये चोवीस तासांत किती द्रावण जातं, एका नमुन्याला किती जातं, आणि पॅक यंत्रात बसवल्यावर किती दिवसांत वापरावाच लागतो. बहुतेक पॅकना चिप असते. मुदत संपली किंवा मोजणी संपली की आत द्रावण शिल्लक असलं तरी यंत्र तो पॅक नाकारतं. नमुने कमी असणाऱ्या लॅबचा खरा तोटा इथेच होतो.

रात्री स्टँडबाय लांबवून पॅक वाचवता येतो, ती सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते आणि वापरावीही. पण पॅक वाचवण्यासाठी रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करणं ही घोडचूक आहे. नळ्यांमध्ये मीठ सुकतं, इलेक्ट्रोडचे पडदे कोरडे पडतात आणि सकाळी कॅलिब्रेशन फेल होत राहतं. चार वेळा कॅलिब्रेशन केलं की रात्रभर वाचवलेलं द्रावण तिथेच संपतं, वर इलेक्ट्रोडचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच.

आता मोजमापाबद्दल. हे यंत्र आयएसईवर चालतं, म्हणजे आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर: प्रत्येक इलेक्ट्रोड आपापला आयन ओळखतो. सोडियमचा इलेक्ट्रोड खास काचेचा असतो, पोटॅशियमच्या पडद्यात व्हॅलिनोमायसिन नावाचं, पोटॅशियम पकडणारं रसायन असतं. दोन्ही एका रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात. २५ अंश सेल्सिअसला आयनाचं प्रमाण दहापट झालं की व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. हे गणित पुढे नेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. सोडियम १४० वरून १४१ मिलिमोल प्रति लिटर झालं तर फरक पडतो फक्त ०.१८ मिलिव्होल्टचा. पोटॅशियम ४.० वरून ४.१ झालं तर ०.६३ मिलिव्होल्टचा. म्हणजे या यंत्रातला नाजूक खेळाडू सोडियम आहे. अर्थिंग खराब असलं, पंपाची ट्यूब चपटी झाली, नळीत बुडबुडा शिरला, काहीही झालं की सगळ्यात आधी सोडियम डगमगतं. सकाळी कंट्रोलचं सोडियम दोन-तीन मिलिमोलने खाली आलं असेल तर 'एवढं चालतं' म्हणून सोडू नये. अमेरिकेच्या लॅब-गुणवत्तेच्या सीएलआयए नियमांत सोडियमला एकूण चूक ±४ मिलिमोलपर्यंतच मान्य आहे आणि २०२५ पासून पोटॅशियमला ±०.३. आपल्याकडे ते नियम बंधनकारक नसले तरी यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची, याचं माप म्हणून उपयोगी आहेत. नीट सांभाळलेलं हे यंत्र त्यात आरामात बसतं.

जुन्या पर्यायांशी तुलना केली तर निवड सोपी आहे. फ्लेम फोटोमीटरला गॅस सिलिंडर लागतं, कॉम्प्रेसर लागतो, सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) साधारण शंभरपट पातळ करावं लागतं, आणि त्या पातळ करण्यात पिपेटची जरा चूक झाली की सोडियम गेलंच. क्लोराइड तर तो देतच नाही. रात्री दोन वाजता एका नमुन्यासाठी ज्योत पेटवून, स्टँडर्ड लावून आकडा द्यायचा म्हणजे घाईच्या वेळी नको ती कसरत. सेमी-ऑटोवर (अर्धं काम हाताने करायच्या ॲनालायझरवर) किटने सोडियम-पोटॅशियम करणं हा त्याहून वाईट मार्ग. पोटॅशियमची किट गढूळपणा मोजते, आणि सीरम आधीच चरबीने किंवा हिमोलिसिसने (लाल पेशी फुटल्याने) बिघडलेलं असेल तर तो गढूळपणा कशाचा हे कळतच नाही. ज्या आकड्यावर पोटॅशियम क्लोराइडचं ड्रिप लावायचं की थांबवायचं हे ठरतं, तो आकडा असा काढू नये.

मोठ्या ऑटो-ॲनालायझरमध्ये आयएसई मॉड्यूल असतं, मग हे छोटं यंत्र वेगळं कशाला, असा प्रश्न येतो. फरक पद्धतीचा आहे. मोठ्या यंत्रांत नमुना आधी पातळ करतात, ती इनडायरेक्ट पद्धत. हे छोटं यंत्र नमुना आहे तसा मोजतं, ती डायरेक्ट. प्लाझ्मात साधारण ९३ टक्के पाणी असतं आणि सोडियम त्या पाण्यातच असतं. ट्रायग्लिसराइड प्रचंड वाढलेला पॅन्क्रिअटायटिसचा पेशंट किंवा प्रथिनं वाढलेला मायलोमाचा पेशंट असेल, तर पाण्याचा वाटा घटतो आणि इनडायरेक्ट पद्धत सोडियम खोटं कमी दाखवते. डायरेक्ट पद्धत तिथे बरोबर आकडा देते. आयसीयूच्या डॉक्टरांना हे एकदा नीट समजावून सांगावं, म्हणजे आपल्या यंत्राचं सकाळचं १३८ आणि बाहेरच्या लॅबचं १२९ यातलं खरं कोणतं यावरून वाद होत नाहीत. या एका मुद्द्यासाठीसुद्धा हे यंत्र आपल्या जागी चोख आहे.

होल ब्लड, म्हणजे सीरम वेगळं न केलेलं अख्खं रक्त, लावायची सोय हे जाहिरातीतलं मोठं आकर्षण. सीरम सुटायची वाट बघायला नको, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला नको. पण पोटॅशियमसाठी ही सोय जपून वापरावी. होल ब्लडमध्ये हिमोलिसिस डोळ्यांना दिसत नाही. सीरम गुलाबी दिसलं तर तंत्रज्ञ थांबतो, पण तेच रक्त न फिरवता यंत्राला दिलं तर ६.४ पोटॅशियम कसलाही इशारा न देता छापून येतं. म्हणून होल ब्लडवर पोटॅशियम ५.५ च्या वर आलं की तोच नमुना फिरवून सीरमचा रंग बघायचा आणि मगच फोन करायचा, असा नियम लॅबच्या भिंतीवर लावावा. हिमोलिसिस दिसला तर नवा नमुना मागवावा. हिमोग्लोबिन किती सुटलं त्यावरून पोटॅशियम 'दुरुस्त' करून द्यायचं गणित कुणी सांगेल, ते ऐकू नये. शिवाय होल ब्लडला लिथियम हेपॅरिनचीच ट्यूब हवी. सोडियम हेपॅरिन असेल तर सोडियम वाढून येणार.

नमुन्याचा विषय निघालाच आहे तर सांगितलं पाहिजे, या यंत्राच्या नावाने जितक्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच वॉर्डातल्या ट्रेमध्ये जन्मलेल्या असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचं ईडीटीए असतं. रक्त आधी त्यात भरलं आणि तीच सुई सीरमच्या लाल ट्यूबला लागली, किंवा ट्यूब भरली नाही म्हणून जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं, की पोटॅशियम वाढतं. १५-२० असा आकडा आला तर सगळ्यांना कळतं. धोका ५.९ चा असतो, कारण तो खरा वाटतो. त्याच सीरमचं कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज लावून बघावं. दोन्ही कारण नसताना खाली असतील तर ईडीटीए शिरलंय असं समजावं. राखाडी झाकणाच्या शुगरच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं, ती चुकून लावली तर सोडियम वर जातं. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं तर सोडियम-क्लोराइड १५४ कडे झुकतात, कारण नॉर्मल सलाइनमध्ये दोन्ही तितकेच असतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या हातातून काढलं तर सगळं पातळ आणि शुगर मात्र आभाळाला टेकलेली. पेशंटला मूठ उघडझाप करायला लावली तर पोटॅशियम खऱ्यापेक्षा वाढतं. आणि सीरम वेगळं न करता रक्त रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यात फसवं. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि सीरम मात्र स्वच्छ पिवळं दिसतं. बाहेरच्या केंद्रावरून येणाऱ्या नमुन्यांना हे हमखास होतं. तिथे सेंट्रिफ्यूज नसेल तर इलेक्ट्रोलाइटचा नमुना घेऊच नये.

रोजच्या निगेला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती काढावीच लागतात. सकाळी पहिलं काम क्लीनर. प्रथिनं विरघळवणारं द्रावण, मॉडेलप्रमाणे पेप्सिनचं किंवा हायपोक्लोराइटचं, नमुन्यासारखं ओढून घ्यायचं आणि सांगितलेली मिनिटं थांबायचं. सोडियमची काच मग फ्लोराइड असलेल्या कंडिशनरने ताजी करायची. हे कंडिशनर काच अगदी किंचित खरवडतं, त्यातून नवा पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणूनच सोडियम सुधारतंय म्हणून दिवसातून तीनदा लावलं तर काच झिजते. हातात ग्लोव्हज हवेतच. दोन्हीनंतर कॅलिब्रेशन, आणि ते पास झाल्यावर दोन पातळ्यांचे कंट्रोल. कॅलिब्रेशन झालं म्हणजे यंत्र बरोबर आहे असं नाही. कॅलिब्रेटर हे पाण्यातलं मीठ असतं, पेशंटचं सीरम नव्हे. याच कारणाने कंपनीकडून यंत्राबरोबर येणाऱ्या पाण्यासारख्या कंट्रोलवर सगळी भिस्त ठेवू नये. इलेक्ट्रोडवर प्रथिनांचा थर चढला तरी ते कंट्रोल बिनदिक्कत पास होतात. निदान एक पातळी सीरमवर बनवलेल्या कंट्रोलची असावी. पॅकेटवरची रेंज खूप रुंद असते, तिच्यावर न थांबता वीस दिवसांचे आकडे जमवून आपल्या यंत्राचा मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढावा. एक कंट्रोल ३ एसडीच्या बाहेर किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेले की पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे.

बाहेरची तपासणीही हवी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बाह्य गुणवत्ता योजना यासाठी अनेक लॅब घेतात. पण त्यातला पावडरीचा नमुना विरघळवताना हात नेमका ठेवावा. कुपीत ५ मिली पाणी घालायचं असेल आणि ०.१ मिली जास्त पडलं तर २ टक्क्यांची चूक झाली, म्हणजे १४० चं सोडियम जवळपास ३ ने कमी. साध्या सिरिंजने पाणी घालून मग यंत्राला दोष देऊ नये. व्हॉल्युमेट्रिक पिपेट वापरावी, कुपी जोरात हलवू नये, हळू फिरवावी आणि सांगितलेला वेळ पूर्ण द्यावा.

बिघाड शोधायची एक पद्धत मॅन्युअलमध्ये कुठेतरी दडलेली असते, ती वर आणली पाहिजे. फक्त एकच घटक बिघडला असेल तर त्या घटकाचा इलेक्ट्रोड बघायचा. तिन्ही एकदम एकाच दिशेने सरकत असतील किंवा तिन्ही नाचत असतील, तर दोष सामाईक गोष्टीत असतो: रेफरन्स इलेक्ट्रोड, अर्थिंग, पंपाची ट्यूब किंवा पॅकची सुई. रेफरन्सच्या आसपास पांढरे कण जमले असतील तर आतलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतंय. ते पुसून चालत नाही, ओ-रिंग किंवा पडदा बदलावा लागतो. 'एअर इन सॅम्पल' असा इशारा वारंवार येत असेल तर आधी सीरममध्ये फायब्रिनचा धागा आहे का ते बघावं. घाईत, गुठळी पूर्ण व्हायच्या आधी फिरवलेल्या नमुन्यात तो असतोच. प्रोबच्या टोकाशी अडकलेला तो जेलीसारखा धागा उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. सुईने आत ढकलू नये, प्रोब काढून उलट्या बाजूने सिरिंजने पाणी सोडावं.

इलेक्ट्रोडच्या आत थोडं द्रावण भरलेलं असतं आणि त्यात बुडबुडा असणं नेहमीचंच. तो पडद्याला चिकटला की मात्र आकडे उड्या मारायला लागतात. इलेक्ट्रोड काढून, पडद्याची बाजू खाली धरून, नखाने दोन-तीन टिचक्या मारल्या की बुडबुडा वर सरकतो. या एका कृतीने इंजिनिअरची फेरी वाचते, तरीही अनेक ठिकाणी या कारणाने चांगला इलेक्ट्रोड फेकला जातो. पंपाची ट्यूब बोटांत घेऊन बघावी. गोल न राहता चपटी वाटली, तर ती नमुना पूर्ण ओढत नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती बदलायची असते, आणि किंमत इलेक्ट्रोडच्या मानाने काहीच नसते.

जागा आणि वीज यावर विक्रेता घाईने बोलतो, तिथे आपण थांबावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं. ३ व्होल्टच्या वर असेल तर यंत्र बसवायच्या आधी अर्थिंग सुधारावं. वर सांगितलेलं ०.१८ मिलिव्होल्टचं गणित आठवलं की याचं महत्त्व पटतं. सेंट्रिफ्यूज किंवा फ्रिज त्याच सॉकेटवर नको. ऑनलाइन यूपीएस हवाच, आणि लोडशेडिंगच्या भागात त्याची बॅटरी वीज जाण्याच्या रोजच्या वेळेपेक्षा जास्त टिकणारी हवी. खिडकीतलं ऊन किंवा एसीचा थेट झोत यंत्रावर पडत असेल तर दुपारी ड्रिफ्ट येणारच, म्हणजे आकडे हळूहळू सरकणारच, कारण यातली बरीच मॉडेलं खोलीच्या तापमानालाच मोजतात.

चौथा घटक म्हणून आयोनाइज्ड (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम मोजणारं मॉडेल थोड्या जास्त पैशांत देतात. हवाबंद घेतलेला नमुना लगेच लावायची शिस्त असेल तरच ते घ्यावं. उघड्या ट्यूबमधल्या सीरममधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतं आणि आयोनाइज्ड कॅल्शियम खोटं कमी येतं. असा आकडा देण्यापेक्षा तो न दिलेला बरा. लिथियमचं मॉडेल मानसोपचाराचे पेशंट असतील तिथे कामाचं आहे, फक्त तिथे लिथियम हेपॅरिनची ट्यूब चालणार नाही एवढं ध्यानात ठेवावं.

शेवटी करार. सीएमसी (सुट्या भागांसह देखभालीचा करार) म्हटलं की सगळं आलं असं वाटतं, पण इलेक्ट्रोड, ट्यूब आणि पडदे 'कन्झ्युमेबल' म्हणून बाहेर काढलेले असतात. पाच वर्षांत सगळ्यात जास्त पैसे त्यांच्यावरच जातात. इलेक्ट्रोडची हमी बसवल्यापासून की कारखान्यातून निघाल्यापासून, हे लिहून घ्यावं. डब्यावरची तारीख बघूनच इलेक्ट्रोड ताब्यात घ्यावा. कपाटात ठेवलेला इलेक्ट्रोडही म्हातारा होतो, म्हणून तिन्हींचा साठा करण्यात अर्थ नाही. एक रेफरन्स आणि एक पंप ट्यूब मात्र कायम हाताशी असावी, कारण रविवारी रात्री यंत्र बंद पडलं तर यांच्यामुळेच पडण्याची शक्यता जास्त. नवा पॅक बोलावल्यावर किती दिवसांत पोचतो, जिल्ह्याच्या ठिकाणी साठा आहे की मुंबई-पुण्याहून येतो, हेही विचारावं. यंत्र फुकट आणि पॅक ठरावीक संख्येने घ्यायचे, अशा भाडेकरारात महिन्याचे किमान पॅक किती ते वरच्या हिशोबाला लावून बघावं. पाच पेशंटच्या लॅबला महिन्याला एक पॅक पुरतो. करारात दोन लिहिले असतील तर दुसरा पॅक कपाटातच मुदत गाठणार. वापरलेल्या पॅकच्या पिशवीत सगळ्या पेशंटचं सीरम जमलेलं असतं. तिचं तोंड बंद करून ती जैववैद्यकीय कचऱ्यातच द्यावी, भंगारवाल्याकडे नाही.